घर-अंगण : परसातल्या ओट्याला मोरी

फाल्गुन सरत आला की आमच्या माळव्यातील मराठी घरांच्या परसांना जाग येते. वर्षभर जेथे कडुनिंबाची वाळली पाने आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात, तेथे एके दिवशी सडा पडतो, माळ्यावरची मोठी पातेली खाली येतात आणि कुरडयांचे गहू भिजत पडतात. घरातील स्वयंपाकघर कितीही सुधारले, तरी काही पदार्थांना छप्पर म्हणून मानवत नाही. कुरडयांचा चीक शिजवावा तो बाहेर, मसाल्याच्या मिरच्या परताव्या त्या बाहेर, आणि गोवऱ्यांच्या आरात बाफले भाजावे तेही बाहेरच. आमच्या वाडवडिलांनी होळकरांच्या पाठोपाठ दक्षिणेतून येताना पुरण आणि आमटी बरोबर आणली; बाफले त्यांना येथे भेटले. आज इंदुरातील मराठी घरी पाहुणा आला आणि त्याला दाल-बाफल्यांचे जेवण दिले नाही, तर त्याच्यापेक्षा आम्हांलाच चुकल्यासारखे होते.

परसातील ओट्याविषयी या सदरातून आम्ही पूर्वी लिहिले आहे. ओटा केवढा असावा, चुलीचे तोंड कोणत्या दिशेस ठेवावे, पत्रे किती उंच घ्यावे, हे सर्व लिहिले. त्या लेखात एक गोष्ट राहून गेली, आणि ती राहून गेल्याचे वाचक भगिनींनीच आमच्या ध्यानात आणून दिले. या ओट्यावर पाणी कोठून येणार आणि खरकटे पाणी कोठे जाणार, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर देण्यास आम्हांला इतके दिवस लागले याचे कारण असे, की ते उत्तर आमच्या स्वतःच्या घरी चुकले होते. ते दुरुस्त होऊन एक पावसाळा निर्विघ्न गेल्यावाचून इतरांस सांगावे, असे वाटेना.

आमच्या परसातील ओटा कोटा फरशीचा, नऊ फूट लांबीचा आहे. दोन चुली, एक गॅसची भट्टी, वर पत्रा. तो बांधताना पाण्याचा विचार केला नव्हता असे म्हणता येणार नाही. विचार केला होता आणि तो 'पुढल्या वर्षी' म्हणून बाजूस ठेवला होता. असे पुढले वर्ष अकरा वेळा आले. घरातील मोरीपासून ओट्यापर्यंतचे अंतर बावीस पावले. आम्हांला कधी ते फार वाटले नाही, कारण ते आम्हांला कधी चालावे लागले नाही. बाफल्यांचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्यावे लागतात, मग ते आरात जातात. तेव्हा पाण्याचे मोठे पातेले भरून आणायचे, उकळायचे आणि शेवटी ते पिठूळ पाणी पुन्हा आत मोरीत नेऊन ओतायचे. डाळीचे पाणी निराळे, हात धुण्याचे निराळे, तुपाने माखलेल्या परातींचे तर विचारूच नये. पंचवीस पानांच्या एका जेवणाच्या दिवशी आम्ही नंतर बसून मोजले, तर ओट्याकडून मोरीकडे आणि मोरीकडून ओट्याकडे अशा चौदा खेपा झाल्या होत्या. म्हणजे सहाशेहून अधिक पावले, आणि त्यांतील निम्मी तरी पंधरा लिटरची भरली बादली हातात घेऊन.

हे मोजण्याची बुद्धी आम्हांला झाली ती एका अपघातानंतर. माघातील थंडीचा दिवस होता. पंगत बसली होती. बाफले आणि बाटी यांत भेद काय, हे आम्ही मुंबईहून आलेल्या पाहुण्यांस मोठ्या रसाने समजावून देत होतो. त्याच वेळी आमच्या कुटुंबाचा पाय ओल्या फरशीवरून सरकला. हातात ते उकळत्या पाण्याचे पातेले. पाय पोळला, आणि तोल सावरताना टेकलेला उजवा हात मनगटाशी मोडला. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत त्या आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे ओट्याविषयी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या आमच्या आत्या. वय वर्षे एक्याऐंशी. "अरे, अकरा वर्षं ह्या घरातल्या बायका पाणी वाहताहेत आणि तू पाहुण्यांना तूप वाढतोयस," एवढेच त्यांनी सांगितले आणि जपमाळ हाती घेतली.

तेव्हा मोरी करावयाचे ठरले. येथून पुढचा भाग वाचकांनी सावकाश वाचावा, कारण त्यातील बहुतेक गोष्टी आम्ही पहिल्या वेळी उलट्या क्रमाने केल्या.

बाजारात आम्ही प्रथम सिंक पाहावयास गेलो. चकचकीत, पोलादी, बशीसारखे उथळ असे एक आमच्या मनात भरले. ते घरी आणून ओट्यावर ठेवले, तेव्हा भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे पाहून विचारले, "बाबूजी, बडा भगोना इसमें घूमेगा कैसे?" भगोना त्यात फिरला नसताच. आत आडवा हातही नीट गेला नसता. ज्यांनी त्यापाशी उभे राहावयाचे त्यांना न विचारता आम्ही वस्तू घेऊन आलो होतो. ती परत करून आलो आणि मग तिघींना, म्हणजे कुटुंबाला, आत्यांना आणि बाईंना, परसात उभे करून विचारले. तिघींची मते तीन. कुटुंबाला उभ्याने काम हवे होते. वाकल्याने पाठ धरते. आत्यांना आता खाली बसता येत नाही, त्यांनाही उभ्याचाच ओटा हवा, पण त्यांची उंची चार फूट नऊ इंच. बाईंचे म्हणणे असे, की वाटी-तांब्या उभ्याने ठीक आहे, पण वीस लिटरचे पातेले आणि लोखंडी कढई उचलून कमरेइतक्या उंचीवर ठेवायला लावू नका. ती जमिनीवरच फिरवून घासता येतात.

तिघींचेही खरे होते. म्हणून आमच्याकडे आता दोन गोष्टी आहेत. ओट्याच्या टोकाला एक सिंक, आणि त्याच्या शेजारी जमिनीलगत जुन्या पद्धतीची चौकोनी मोरी. तिला सहा इंच उंचीचा कठडा, आत कोटा फरशी, आणि भिंतीत दोन फुटांवर दुसरी तोटी. दोहोंचे पाणी एकाच नळीतून जाते, त्यामुळे खर्च काही दुप्पट झाला नाही. ज्यांच्या घरी बाहेर मोठा स्वयंपाक होतो त्यांनी नुसत्या सिंकच्या मोहात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांच्याकडे परसात फक्त चहा आणि भजी होतात, त्यांनी मोरीची खटपट करू नये.

उंचीचा एक सोपा हिशेब सांगून ठेवतो. सिंकच्या काठाची उंची पाहू नये, तळाची पाहावी. कारण काम तळाशी चालते. सरळ उभे राहून हात खाली सोडले असता मुठी जेथे येतात, साधारण तेथे तळ यावा. ओटा बत्तीस इंचांचा आणि सिंक दहा इंच खोल असले, तर तळ बावीस इंचांवर जातो आणि बायकांना कमरेत वाकावे लागते. म्हणून त्या टोकाला ओटा दोन-तीन इंच उचलून घ्यावा. आमच्या आत्यांसाठी मग एक लाकडी पाट ठेवला आहे. त्यावर उभ्या राहून त्या भाजी धुतात, आणि कुणी तो पाट हलवला तर सबंध घराला कळते.

सिंक पोलादाचे घेतल्यास ते ३०४ प्रतीचे घ्यावे. त्यात निकेलचे प्रमाण अधिक असते आणि उघड्यावरच्या दमटपणात ते गंजास दाद देत नाही; २०२ प्रतीचे स्वस्त पडते, पण परसात एक-दोन पावसाळ्यांत त्यावर तांबूस ठिपके येऊ लागतात. राखेने किंवा तारेच्या घासणीने मात्र दोन्हीही ओरखडतात. तोटी उंच मानेची, फिरणारी असावी. तिचे तोंड सिंकच्या काठापेक्षा निदान दोन इंच वर राहिले पाहिजे, आणि तिला रबरी नळी जोडून ती बादलीत बुडवून ठेवण्याची सवय कुणालाही लागू देऊ नये. यात एक धोका आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणी सांगत नाही. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो. नळ बंद होतो तेव्हा रस्त्यातील नळीतले पाणी उताराकडे ओसरते आणि मागे जी पोकळी होते ती जवळचे काहीही ओढून घेते. बुडलेल्या नळीवाटे खरकट्या बादलीतील पाणी थेट पिण्याच्या नळीत जाऊ शकते. परसातील तोटी म्हणून सरकारी नळाला थेट जोडू नये; गच्चीवरच्या टाकीतून वेगळी शाखा घ्यावी आणि तिला ओट्यापाशीच एक बंद करण्याची चावी बसवावी. गच्चीवरच्या टाकीतून पाणी पिचकारीसारखे येत नाही हे खरे. पण पातेली भरण्यास ते पुरेसे येते. ही नळी उघड्या भिंतीवरून नेली असेल तर ती उन्हापासून झाकावी. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या माळव्यातल्या वैशाखात तापून तापून ठिसूळ होतात, आणि दुपारी दोन वाजता तोटी सोडली तर पहिले दोन तांबे चहालाही चालतील इतके ऊन पाणी येते.

पाणी आणण्याचे इतके झाले. पाणी घालवण्याच्या बाबतीत आम्ही फसलो.

नळकाम करणाऱ्या कारागिराने पाहणी केली. घराचे चेंबर पुढच्या अंगाला, ओट्यापासून अठ्ठावीस फुटांवर. मध्ये नुकतीच घातलेली फरशी. ती फोडावयास आम्ही नाखूष होतो हे त्याने ओळखले असावे. परसाच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, "यहाँ एक गड्ढा कर देते हैं, जमीन सब पी लेगी." चार फूट खोल खड्डा, त्यात विटांचे तुकडे आणि गिट्टी, वर फरशीचे झाकण. एका दिवसाचे काम. आत्या पडवीत बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "जमीन पिईल, पण मग ते जाईल कुठे?" त्या कोपऱ्यापासून वीस फुटांवर आमचा जुना आड आहे. त्याचे पाणी आता कुणी पीत नाही. झाडांना घालतो, आणि आत्या रोज सकाळी देवाच्या पूजेला एक कळशी काढतात. कारागीर हसला. आम्हीही, लाज वाटते सांगावयास, हसलो.

वैशाखात मोरी सुरू झाली आणि जमिनीने खरोखरच सगळे पाणी पिऊन टाकले. बादल्यांवर बादल्या ओतल्या तरी खड्डा रिकामा. आम्हांला त्या कारागिराचे कौतुक वाटले. ते किती अस्थानी होते, ते पावसाळ्यात कळले. माळव्यातील काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी गाळल्यावाचून सरळ खाली उतरते. मुरणे असे त्याला म्हणताच येत नाही. आणि आषाढात तीच माती फुगून भेगा मिटल्या, की तिच्यातून पाणी जवळजवळ हलत नाही. त्यामुळे वैशाखात आमचा खड्डा सगळे पीत होता ते पाणी भेगांवाटे आडाकडे जात होते, आणि आषाढात तो एका आठवड्यात तुडुंब भरून परसात उलटला. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आत्यांनी कळशी वर काढली. पाण्यावर भांड्यांच्या साबणाचा फेस होता. त्यांनी आम्हांला हाक मारली नाही. कळशी तशीच आडाच्या काठावर ठेवली आणि घरात येऊन नळाच्या पाण्याने पूजा केली. आम्ही बाहेर गेलो तेव्हा ती आम्हांला दिसली.

सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट दूर असावा, आणि जमिनीचा उतार विहिरीकडे असेल तर त्याहूनही दूर. हे सर्वत्र सांगितलेले आहे. आम्ही ते वाचलेही होते. पण आपल्या परसात जेवढी जागा असते तेवढेच अंतर आपण पुरेसे मानतो. ज्यांचे परस तीस-चाळीस फुटांचे आहे आणि त्यात विहीर आहे, त्यांनी खड्ड्याचा विचार सोडूनच द्यावा. माती पाहून निर्णय करावा. गोव्याकडील आणि बेळगावच्या पश्चिमेकडील आपल्या वाचकांची जमीन जांभ्याची आहे. तेथे पाणी पावसाळ्यातही झटकन मुरते आणि खड्डा कधी भरत नाही. त्यामुळे तेथे धोका वाटत नाही, आणि म्हणूनच तो अधिक आहे, कारण तेथे घरोघरी विहीर आहे आणि ती अनेक घरी आजही पिण्याची आहे. बडोद्याच्या आजूबाजूच्या काळ्या जमिनीत आमच्यासारखाच अनुभव यावयाचा.

शेवटी फरशी फोडलीच. अठ्ठावीस फुटांचा चर खणून नळी पुढच्या चेंबरला नेली. दर चार फुटांस एक इंच उतार, म्हणजे एकूण सात इंच. उतार याहून फार कमी असेल तर भाताची शिते मध्येच बसतात. फार अधिक असेल तर पाणी पुढे पळते आणि घाण मागे राहते. काळ्या मातीत नळी तशीच पुरू नये. चर जरा रुंद घेऊन तळाशी सहा इंच मुरूम किंवा वाळू घालावी, नळीच्या भोवतीही तीच भरावी आणि सांधे रबरी कड्यांचे घ्यावे, म्हणजे माती फुगली-आकसली तरी सांधा थोडा हलतो, पण उघडत नाही. पिण्याच्या पाण्याची नळी या चरात घालण्याचा मोह होतो; दोन चर खणण्याचे श्रम वाचतात. तो मोह आवरावा. एक सांधा उघडला तर दोन्ही पाणी एकत्र होतात. ज्या काळात आमच्या शहरात घरोघरचे सांडपाणी नाल्यांत आणि तेथून कान्ह नदीत जात असे, त्या काळात परसातील मोरीचे तोंड मागच्या नाल्यावर सोडले की काम भागत असे. आता तसे करता येत नाही आणि करूही नये. नाल्यांवरची अशी तोंडे बंद करून ती मलवाहिनीस जोडली गेली, आणि २०२१ साली इंदूर हे देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले, ते त्याच कामामुळे.

मोरी आणि चेंबर यांच्यामध्ये जाळीचा ट्रॅप असतो. नळीच्या वाकड्या भागात दोन इंच पाणी साचून राहते आणि तेच गटाराचा वास व झुरळे अडवते, एवढेच त्याचे काम. घरात हे पाणी रोज बदलते. परसात मात्र मोरी महिना-महिना वापरली जात नाही, आणि वैशाखातील उन्हात ते दोन इंच पाणी केव्हाच उडून जाते. मग लोक म्हणतात, बाहेरच्या मोरीला वास येतो. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे, एवढाच त्यावर उपाय. त्या ट्रॅपचा काठ अंगणाच्या फरशीपेक्षा दोन-तीन इंच वर घ्यावयास मात्र विसरू नये. नाही तर सबंध अंगणातील पावसाचे पाणी त्यात शिरते, आणि मलवाहिनी भरली की तेच उलटे फिरते. आमच्याकडे पहिल्या वेळी तो काठ फरशीला सपाट बसवला होता. पहिल्याच मोठ्या पावसात मोरीतून बाहेर काय काय आले, ते या पानावर लिहिण्यासारखे नाही. सिंकवर पत्र्याचे छप्पर हवेच, आणि कडुनिंबाखाली मोरी असेल तर जाळी दोन घ्याव्या. एक बसवलेली, एक उचलून झटकण्याची.

आता तुपाविषयी. बाफल्यांना तूप लागते ते वाटीने नव्हे. उन्हाळ्यात ते पातळ असते, वाहून जाते. पौष-माघात येथे रात्री पारा आठ-दहा अंशांवर उतरतो, ग्वाल्हेरकडे त्याहूनही खाली, आणि परातीतून निघालेले तूप नळीच्या पहिल्या चार फुटांतच गोठते. त्यावर चुलीची राख बसली की राखेतील क्षार आणि तूप मिळून जे तयार होते तो एक प्रकारचा साबणच, पण दगडासारखा. गरम पाणी ओतून ते पुढे ढकलता येते. तेथे ते पुन्हा गोठते. तेव्हा भांडे मोरीत नेण्यापूर्वीच तूप काढावे. आमच्या आजीच्या काळी तुपकट परातीला आधी ज्वारीचे पीठ किंवा कोरडी राख चोळून ती पुसून काढीत आणि मग पाणी लावीत. पाणी वाचवण्याची ती युक्ती नळी वाचवण्यासही उपयोगी पडते. शिवाय मोरी आणि चेंबर यांच्यामध्ये दीड फूट लांबीची एक छोटी टाकी बांधून घ्यावी. तिच्यातून बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड खाली वाकवावे. तूप वर तरंगते, पाणी खालून जाते. पंधरा दिवसांनी झाकण काढून वरचा थर काढावा लागतो. हे काम कुणाचे, हे टाकी बांधण्यापूर्वीच ठरवावे. आमच्या घरी ते आमच्याकडे आले, आणि ते योग्यच झाले.

कुरडयांच्या दिवसांत निराळी काळजी. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावे लागते, आणि वाटून चीक काढल्यावर वरची निवळी ओतून द्यावी लागते. या पाण्यात सत्त्व असते. दिसते ताकासारखे पातळ, पण नळीत साचून आंबते आणि खळीसारखे चिकटते. हे पाणी मोरीत न ओतता थेट झाडांना घालावे. पण रोज एकाच झाडाला नको, नाही तर मुळांशी मुंग्या आणि कुबट वास येतो. चोथा आणि भाजीची देठे मोरीत कधीच जाऊ नयेत. इंदूरकरांना हे सांगावयाचे म्हणजे काहीसे संकोचाचेच आहे. ज्या कंपोस्ट खताला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती याच शहरातील वनस्पतिउद्योग संस्थेत, आज जेथे कृषी महाविद्यालय आहे तेथे, गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव सर्वांस ठाऊक असते. १९३१ च्या ज्या पुस्तकातून ती पद्धत जगापुढे आली, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे, हे आपल्या मराठी मंडळींतही फार थोड्यांना ठाऊक आहे. चोथा, देठे, पालापाचोळा आणि थोडी राख यांचे परसाच्या कोपऱ्यात खत होते. मोरीत त्यांचा बोळा होतो.

मोरीचे पाणी झाडांना सोडावे का, असेही विचारले गेले आहे. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला होता. त्यात घराचे सांडपाणी आणि घरची बाग ही एकाच विचारात घेण्याचा त्याचा कल दिसतो, आणि आपल्या जुन्या वाड्यांत मोरीच्या तोंडाशी अळू, केळ आणि कर्दळ असेच. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आम्हीही केळीला सोडतो. त्यासाठी सिंकखाली दोन तोंडांची नळी घेतली आहे, एक तोंड केळीकडे आणि एक चेंबरकडे. साबणाचे आणि तुपाचे पाणी केळीकडे जात नाही. जेथे मोरीचे सरमिसळ पाणी जाते तेथे कर्दळ लावावी, शोभा लावावी. तेथले अळू मात्र पानावर वाढू नये. आत्या तर मोरीचे अळू घरात येऊ देत नाहीत. सोवळ्याचे कारण असो वा दुसरे काही, त्या बाबतीत आम्ही आता वाद घालत नाही.

आडाचे काय झाले, तेही सांगावयास हवे. जुना खड्डा उकरून त्यातील गिट्टी काढली आणि तो मुरमाने भरून टाकला. आडाचे पाणी दोनदा उपसले. फेस येणे त्या दिवाळीपर्यंत थांबले, पण म्हणून ते पाणी निर्दोष झाले असे मानून चालणार नव्हते. पुढच्या मृगापूर्वी पुन्हा एकदा उपसा केला आणि पाणी तपासून घेतले. तपासणीचा कागद आत्यांच्या हाती दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घालून देव्हाऱ्यातील पोथीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नळाच्याच पाण्याने पूजा केली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पहाटे रहाटाचा आवाज ऐकू आला.

गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी बाफल्यांचे जेवण झाले. तीस पाने होती. उकळत्या पाण्याचे पातेले दोघांनी दोन बाजूंनी धरून चुलीवरून शेजारच्या मोरीत ओतले. अंतर तीन पावले. या खेपेस पाहुण्यांना बाफल्यांचा इतिहास आमच्या कुटुंबाने सांगितला, बसून. आम्ही वाढीत होतो. जेवणे झाल्यावर परातींना कोरडी राख चोळताना आत्या पडवीतून म्हणाल्या, "कडेला राहिलंय बघ, तूप." राहिले होते.